स्वतःची किंमत वाटणं म्हणजे नेमकं काय, आणि 'खरा मी' शोधायचा कुठे?

मे-जून आला की पुण्यात निकालांचे दिवस सुरू होतात. आधी बारावी, मग दहावी, मग सीईटी, आणि वर्षभर अधूनमधून एमपीएससीची एखादी यादी. हल्ली त्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधल्या नोकरकपातीची भर पडली आहे. या दिवसांत मोबाइलवर एकाच धाटणीचे व्हिडिओ फिरत असतात: स्वतःवर प्रेम करा, स्वतःची किंमत ओळखा, खऱ्या स्वतःला शोधा. सांगणारा तळमळीने सांगतो, ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच खचलेला असतो. 'किंमत ओळखा' म्हणजे सकाळी उठून करायचं काय, हे सांगायचं राहूनच गेलेलं असतं.

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींशी बोलायला मी जात असतो. तिथे हा विषय वेगवेगळ्या शब्दांत येतो. "सर, कॉन्फिडन्सच गेलाय." "घरी काय तोंड दाखवू?" "मला हेच करायचं होतं का, तेच कळेनासं झालंय." वरवर हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माझं म्हणणं असं, की तिन्हींचं मूळ एकच आहे: आपण सतत स्वतःला सिद्ध करण्याच्या कामी जुंपलेले असतो, आणि जो सतत सिद्ध करत असतो त्याला आपल्याला काय हवंय हे बघायला उसंतच मिळत नाही. मानसशास्त्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत झालेल्या कामातून हे बरंच स्पष्ट होतं.

आत्मविश्वास वेगळा, स्वमूल्य वेगळं

आत्मविश्वास नेहमी कशाबद्दल तरी असतो. मला पोहता येतं, मी शंभर माणसांपुढे बोलू शकते, कर्वे रस्त्याच्या गर्दीतून मी गाडी काढू शकतो. तो सरावाने येतो, सराव सुटला की कमी होतो. त्यात बिघडत काही नाही.

आत्मसन्मान म्हणजे स्वतःला एकूण माणूस म्हणून आपण किती गुण देतो तो हिशोब. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1965 साली तो मोजण्यासाठी अवघ्या दहा वाक्यांची प्रश्नावली केली. ती आजही जगभर वापरतात.

आणि हा लेख ज्याबद्दल आहे ते स्वमूल्य. 'माझी माणूस म्हणून किंमत कशावर ठरते?' या प्रश्नाचं मनात खोलवर बसलेलं उत्तर म्हणजे स्वमूल्य. हे उत्तर आपण शब्दांत क्वचितच मांडलेलं असतं, पण वागण्यातून ते दिसतं. कामात हुशार, चारचौघांत बोलणारी, पगारही चांगला असलेली बाई मीटिंगमध्ये साहेबांनी शेजारच्याचं कौतुक केलं म्हणून रात्रभर जागी राहते. तिच्याकडे आत्मविश्वास भरपूर आहे. पण तिची किंमत तिच्या ताब्यात नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्येच आत्मसन्मानाचं एक सूत्र मांडलं होतं: यश भागिले अपेक्षा. आणि स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. मानसशास्त्रात आपल्यापेक्षा कुणी वरचढ निघालं तर ते त्यांना लागायचं, कारण तिथे त्यांनी सगळं पणाला लावलेलं होतं. ग्रीक भाषा येत नाही याचं मात्र त्यांना काहीच वाटायचं नाही. म्हणजे अपयश किती मोठं आहे यापेक्षा आपण कशावर सगळं पणाला लावून बसलोय, यावर दुखणं ठरतं. पूर्व परीक्षेत दोन गुणांनी गेलेला मुलगा आणि त्याच दिवशी गल्लीतल्या क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला तोच मुलगा आठवून बघा.

अटी घालतं कोण?

एखादं लहान पोर टिळक तलावावर पहिल्यांदा पोहायला गेलंय. काठावर उभं राहून रडतंय. बाबा म्हणतात, "घाबरतोस काय, मुलगा आहेस ना?" पोर उडी मारतं. सगळे टाळ्या वाजवतात. घरी आल्यावर आजीला कौतुकाने सांगितलं जातं, "अजिबात घाबरला नाही हं." यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण पोराने एक गोष्ट शिकून घेतली: भीती न दाखवणारा मी लाडका, घाबरलेला मी नको असलेला. असं शेकडो वेळा होतं. अभ्यासाच्या, दिसण्याच्या, उलट न बोलण्याच्या, पाहुण्यांपुढे शहाण्यासारखं वागण्याच्या बाबतीत. काही वर्षांनी तो मुलगा भीती नुसती लपवत नाही, त्याला ती जाणवेनाशी होते. पोटात गोळा येतो, डोकं दुखतं, पण 'मला भीती वाटतेय' हे वाक्य मनात उमटतच नाही.

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर याला 'किमतीच्या अटी' असं म्हटलं. प्रेम आणि मान अमुक अटींवर मिळतो हे मूल ओळखतं, आणि पुढे त्याच अटी स्वतःवर घालू लागतं. बाबा समोर नसले तरी बाबांची नजर आत बसलेली असते. रॉजर्स यांचं खरं महत्त्वाचं निरीक्षण यापुढचं आहे: अटींत न बसणारे अनुभव आपण स्वतःच्या नजरेआड करत जातो. कंटाळा, राग, एखादी विचित्र आवड, 'मला हे नकोय' ही जाणीव, हे सगळं. स्वतःची किंमत अटींवर असणं आणि 'मी खरा कोण' हे न कळणं, या दोन गोष्टी इथे जोडल्या जातात.

पण लोक काय म्हणतील याची पर्वा का करायची?

कारण पर्वा न करणं माणसाला शक्य नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली असं मांडलं की आत्मसन्मान ही मुळात माणसांमधलं आपलं स्थान मोजणारी यंत्रणा आहे. टोळीने राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना टोळीबाहेर काढणं म्हणजे मरणच होतं. त्यामुळे कुणाच्या कपाळावर आठी आली, कुणी आपल्याला वगळलं, हे मन फार बारकाईने टिपतं. लग्नाच्या हॉलमध्ये मावशीने फक्त "सध्या काय करतोस?" एवढंच विचारलं तरी छातीत धस्स होतं ते यामुळे. तो तुमचा दुबळेपणा नाही.

म्हणून 'दुनिया गेली उडत' हा सल्ला मला कधी पटला नाही. तो देणारेही तो पाळत नाहीत. दुखणार, हे धरून चालायचं. प्रश्न इतकाच, की दुखलं म्हणून लगेच 'मी बिनकामाचा' या निवाड्यापर्यंत जायचं का.

एकाच धरणावर शहर

जेनिफर क्रॉकर यांनी 2001 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात हा विषय पुढे नेला. लोक आपली किंमत कशाकशावर टांगतात, याची त्यांनी आणि त्यांच्या सहकारी कॉनी वुल्फ यांनी सात क्षेत्रं मांडली: दिसणं, इतरांची पसंती, अभ्यासातलं यश, स्पर्धेत पुढे असणं, घरच्यांचं प्रेम, नीतीने वागणं आणि देवाची कृपा. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा त्यांच्या गटाने अभ्यास केला. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी आत्मसन्मान वर, नकाराचं आलं त्या दिवशी खाली. आणि ज्यांनी सगळी किंमत अभ्यासावर टांगली होती त्यांचे हेलकावे सर्वांत मोठे.

पुण्याला हे समजायला अवघड जाऊ नये. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पूर ओसरला तसा दुसरा प्रश्न उभा राहिला: शहराचं पिण्याचं पाणी ज्या खडकवासल्यातून यायचं तेच धरण राहिलं नव्हतं. नळ कोरडे पडले. त्या दिवसांबद्दल जुने पुणेकर सांगतात तेव्हा वाड्यांमधले आड आणि पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद यांचा उल्लेख हमखास येतो. नळ आल्यावर ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, ते तेव्हा कामी आले. धरण नको असं याचा अर्थ होत नाही. आडावर एवढं शहर चालणार नाही. यश, पगार, कौतुक हे सगळं हवंच, त्याने आयुष्य भरतं. पण त्यातलं एखादं फुटलं की घशाला कोरड पडेल, इतकं सगळं एकाच जागी बांधून ठेवू नये. आणि घरातला आड बुजवू तर मुळीच नये. स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या बाबतीत मला हेच फार टोचतं. तबला सुटतो, कबड्डी सुटते, मित्रांची लग्नं टाळली जातात, गावाकडची शेतीची कामं सुटतात. 'पोस्ट निघाल्यावर बघू' म्हणून एकेक झरा बंद केला जातो. मग यादीत नाव नसलं की परत जायला काही उरलेलंच नसतं.

मग 'मी भारी आहे' असं रोज आरशात बघून म्हणायचं?

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. कॅलिफोर्नियाचे आमदार जॉन वास्कोन्सेलोस यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये तिथल्या सरकारने आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक कृतिदल नेमलं. लोकांचा आत्मसन्मान वाढवला की गुन्हे, व्यसनं, शाळागळती कमी होईल अशी आशा होती. 1990 मध्ये अहवाल आला आणि शाळाशाळांतून मुलांना 'तू खास आहेस' असं सांगण्याची लाट आली.

2003 साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. चांगला आत्मसन्मान असलेली माणसं अधिक आनंदी असतात आणि पुढाकार घेतात, हे त्यात दिसलं. पण आत्मसन्मान वाढवल्यामुळे मार्क वाढतात याला आधार मिळाला नाही. उलट चांगले मार्क पडल्यामुळे आत्मसन्मान वाढतो, असंच बऱ्याच अंशी दिसलं.

2009 मध्ये कॅनडात जोआन वुड यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' हे वाक्य स्वतःशी म्हणायला लावल्यावर, ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण साधं आहे. ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती मोठ्याने म्हटली की मन लगेच उलटतपासणी सुरू करतं. म्हणून ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या हाती असलं वाक्य देऊन पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

गुण कृतीला द्या, माणसाला नको

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या उपचारपद्धतीत मला या कोंडीतून बाहेर पडण्याची सर्वांत सरळ वाट दिसते. मराठी वाचकांना ती नवीन नाही. कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने ती आपल्याकडे रुजवली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्याख्यानांतून घराघरांत नेली. एलिस यांचं म्हणणं असं: आत्मसन्मान वाढवायच्या मागे लागूच नका. स्वतःला एकूण गुण देणं हाच मुळात चुकीचा हिशोब आहे. माणूस हजारो कृतींचा, गुणदोषांचा आणि अजून न झालेल्या बदलांचा बनलेला असतो. त्याला एकच आकडा देणार कसा? कृतीला मात्र जरूर गुण द्या. कडक द्या. याला ते विनाअट आत्मस्वीकार म्हणत.

हा फरक पुण्यात दरवर्षी एका रंगमंचावर दिसतो. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला 1963 पासूनचा इतिहास आहे. भरत नाट्य मंदिरातला तो आरडाओरडा ज्यांनी अनुभवलाय त्यांना माहीत आहे, की कॉलेजच्या वयात ती एकांकिका म्हणजे सर्वस्व वाटतं. 2022 च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. शहरात त्यावर खूप वाद झाला आणि तो रास्तही होता. पण निर्णय कितीही कडक वाटला तरी तो त्या वर्षी सादर झालेल्या एकांकिकांवर होता. ती मुलं म्हणजे ती एकांकिका नव्हे.

हे कागदावर कसं उतरतं ते सांगतो. परभणीकडचा एक मुलगा. मुख्य परीक्षेच्या यादीत नाव नव्हतं. अभ्यासिकेतल्या त्याच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे आडोसे, समोर सेलोटेपने चिकटवलेला अभ्यासक्रम, त्याखाली स्केचपेनने लिहिलेलं पद, आणि त्या पदाच्या आधी स्वतःचं नाव. निकालापासून तो आईचा फोन उचलत नव्हता. फक्त 'अभ्यासात आहे' एवढा मेसेज टाकायचा. मेसमध्ये जेवताना तो म्हणाला, "मी फेल माणूस आहे सर." मी त्याला ते वाक्य लिहायला सांगितलं आणि म्हटलं, आता यातला 'माणूस' शब्द न वापरता, काय झालं तेवढंच लिही. बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग त्याने लिहिलं: मुख्य परीक्षेत माझे गुण कटऑफपेक्षा कमी पडले. त्याखाली: ऐच्छिक प्रश्नांना वेळ पुरला नाही. त्याखाली: उत्तरं लिहायचा सराव केला नाही, नुसतं वाचत राहिलो. शेवटची ओळ लिहिताना त्याचा चेहरा बदलला. कारण 'फेल माणूस' या वाक्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. 'लिहायचा सराव केला नाही' यावर मात्र होतं. वाटीतलं वरण गार झालं होतं, ते त्याने तसंच प्यायलं आणि पोळी मागवली.

त्याचं दुःख एवढ्याने गेलं नाही. जायला नकोच. इतक्या मेहनतीनंतर निवड झाली नाही तर वाईट वाटणारच. एलिस दोन प्रकारच्या भावनांत फरक करत: दुःख, खंत, निराशा या योग्य, पण स्वतःचा तिरस्कार आणि 'आता संपलं' हे घातक. घटना एकच असते. मधला विचार बदलला की भावनेची जात बदलते.

असं केलं तर माणूस आळशी होणार नाही का?

ही शंका पालक हमखास विचारतात. टोचल्याशिवाय बैल चालत नाही, हे आपल्याकडे मुरलेलं आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये हे तपासलं. अवघड शब्दांच्या चाचणीत नापास झालेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं, म्हणजे 'अशी चाचणी बहुतेकांना जडच जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नकोस' अशा अर्थाचं. पुढच्या चाचणीच्या तयारीला याच मुलांनी जास्त वेळ दिला. मार खाल्लेलं मन आपला बचाव करण्यात गुंतलेलं असतं. चूक नीट बघायची तर आधी ती बघायला सुरक्षित वाटावं लागतं.

आणि माज आला तर?

ही शंका आजोबांच्या वयाची माणसं विचारतात, आणि ती बिनबुडाची नाही. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी सात ते अकरा वर्षांच्या 565 मुलांचा त्यांच्या आईवडिलांसह माग ठेवला. 2015 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की 'माझं मूल इतरांपेक्षा वरचढ आहे' असं मानणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये पुढे आत्मप्रौढी वाढली. ज्यांना घरात नुसती माया मिळाली त्यांच्यात मात्र आत्मसन्मान वाढला. माज येतो तो 'मी वरचढ' या भावनेतून, म्हणजे पुन्हा तुलनेतूनच. ज्याला स्वतःची किंमत सिद्ध करायची नाही त्याला दुसऱ्याला कमी लेखण्याची गरज पडत नाही.

'खरा मी' आत दडून बसलेला असतो का?

इथे माझं आणि त्या व्हिडिओंचं जमत नाही. 'खऱ्या स्वतःला शोधा' म्हणताना असं गृहीत धरलं जातं, की आत कुठेतरी एक तयार माणूस बसलाय, डोंगरावर जाऊन शांत बसलं की तो भेटेल. सिंहगडावर जरूर जा, पिठलं-भाकरी खा, मोकळं वाटेल. पण 'मी कोण' याचं उत्तर नुसतं बसून मिळतं असं मला दिसलेलं नाही.

जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये तरुणांची ओळख कशी घडते याच्या चार अवस्था मांडल्या. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. एक, न धुंडाळता स्वीकारलेली ओळख: घरात सगळे इंजिनिअर म्हणून मीही. ही माणसं वरून स्थिर दिसतात, पण चाळिशीत काहीतरी हलतं आणि सगळं हलल्यासारखं वाटतं. दुसरी, शोधाची अवस्था: हे करून बघ, ते करून बघ, अजून ठरलेलं नाही. या अवस्थेला घरचे 'वाया चाललाय' म्हणतात. मार्सिया यांच्या मांडणीत मात्र स्वतः कमावलेल्या ओळखीकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. याचा अर्थ जन्मभर भटकत राहावं असा नाही. पण बारावीच्या मुलाने 'अजून ठरलं नाही' म्हटलं तर तो सगळ्यांत प्रामाणिक उत्तर देत असतो, एवढं तरी मानावं.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट. विल्यम फ्लीसन आणि जोशुआ विल्ट यांनी 2010 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, की कोणत्या क्षणी तुम्हाला 'मी अगदी मी आहे' असं वाटलं. अपेक्षा अशी होती की अबोल मुलांना गप्प असताना तसं वाटेल. प्रत्यक्षात अबोल मुलांनाही मोकळेपणाने, आपलेपणाने वागताना ते अधिक जाणवलं. म्हणजे 'मी असाच आहे, मला बोलायला आवडत नाही' हे नेहमीच आपलं खरं रूप असेल असं नाही. कधी कधी तो जुन्या भीतीचा मुक्काम असतो. करून बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारावा. 'मी खरा कोण?' यापेक्षा 'कुणी बघत नसताना, गुण मिळणार नसताना, मी कशाला वेळ देतो?' आणि 'कोणाबरोबर असताना मला वाक्य आधी मनात तपासून घ्यावं लागत नाही?' या दोन प्रश्नांची उत्तरं आठवडाभर वहीत लिहीत गेलात तर काहीतरी हाती लागतं. वहीत फोटो काढण्यासारखं काही नसेल, उत्तरं साधी असतील: भावाच्या मुलीला गणित शिकवताना दोन तास कसे गेले कळलं नाही, ऑफिसच्या ग्रुपमध्ये हसण्याचे इमोजी टाकताना दमायला होतं.

हे सगळं पोट भरलेल्यांचं नाही का?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्याला घर भाड्याने मिळताना आडनाव विचारलं जातं, जिला कामाच्या घरात वेगळा कप दिला जातो, त्यांना 'आतून किंमत शोधा' सांगणं अर्धवट आहे, कधी कधी अन्यायाचंही आहे. तिथे किमतीच्या अटी आईबापांनी घातलेल्या नसतात, समाजाने घातलेल्या असतात. त्यावर उपाय म्हणून कायदा लागतो, संघटना लागते, भांडण लागतं. एकट्याने वहीत लिहून ते होणार नाही.

पण याच शहरात दुसरी बाजूही दिसते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, नंतर पुण्यात आणखी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीने 1855 मध्ये एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. आपल्याकडच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं हे ती लिहिते. ज्या समाजाने पावलोपावली तिला तुच्छ ठरवलं, त्याचा निवाडा तिने मान्य केला नाही. उलट निवाडा करणाऱ्यांनाच प्रश्न विचारला. हे ती एकटी करू शकली नसती. तिला अक्षरं देणारी, तिचं म्हणणं ऐकून घेणारी माणसं होती. स्वमूल्य आतून येतं असं म्हणतात तेव्हा मला नेहमी ही दुसरी अर्धी गोष्ट सांगावीशी वाटते. कुणीतरी आधी आपल्याशी किंमत असलेल्या माणसाशी बोलावं तसं बोललेलं असावं लागतं. एक शिक्षिका पुरते, एखादा मित्र पुरतो, पण कुणीतरी लागतं.

सुरुवात करायची तर

'मी असा आहे' या साच्यातली स्वतःबद्दलची वाक्यं पकडा आणि ती 'मी हे केलं, हे केलं नाही' अशी लिहून काढा. हे एवढं एक काम जरी सवयीचं झालं तरी पुष्कळ.

ज्या गोष्टीत तुम्ही सामान्य आहात आणि सामान्यच राहणार आहात अशी एक गोष्ट आठवड्यातून एकदा करा. बेसूर का होईना गाणं, पर्वतीच्या पायऱ्या धापा टाकत चढणं, वाईट चित्रं काढणं. तिचा फोटो कुठेही टाकू नका. गुण न मिळवता केलेल्या कामाची चव बऱ्याच जणांनी दहावीनंतर घेतलेलीच नसते.

घरच्यांना एक विनंती. निकालाच्या दिवशी मुलाने आकडा सांगितल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय असेल, ते आदल्या रात्री ठरवून ठेवा. "जेवलास का?" हेही चालेल. आकड्यावर बोलायला पुढचा आठवडा आहे.

आणि एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, आपण नसलेलंच बरं असं मनात येत असेल, तर तो स्वमूल्याचा साधा प्रश्न राहिलेला नसतो. ते नैराश्य असू शकतं, त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. तिथे वही आणि लेख पुरे पडत नाहीत. डॉक्टरांकडे जायला जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतून बोलता येतं. शेजारच्या टेबलावरचा मित्र असा दिसत असेल तर त्याला नुसता नंबर पाठवू नका, फोन लावून होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.